उटणं, केसांचं तेल आणि सौंदर्यप्रसाधनांचा परवाना : कोल्हापुरातून अर्ज करताना

दिवाळीच्या आधी कोल्हापुरात प्रदर्शनं भरतात, तिथं उटण्याची शेकडो पाकिटं दिसतात. बहुतेकांवर नाव, मोबाइल नंबर आणि '१००% नैसर्गिक' एवढंच छापलेलं असतं. परवान्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं : "घरगुती आहे हो, त्याला कशाला परवाना?" पण औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मध्ये घरगुती मालाला किंवा नैसर्गिक मालाला वेगळी सूट नाही. स्वच्छतेसाठी किंवा रूप खुलवण्यासाठी अंगाला चोळायचं, ओतायचं, शिंपडायचं, लावायचं ते सौंदर्यप्रसाधन. त्यात उटणं आलं, केसांचं तेल आलं, साबणही आला. विकायचा असेल तर उत्पादनाचा परवाना हवा. सध्या तो सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० खाली मिळतो आणि महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए देतं.

आम्ही गेल्या वर्षी उटणं आणि जास्वंद-माक्याचं तेल या दोन वस्तूंसाठी हे सगळं केलं. त्या वेळी मराठीत सलग माहिती कुठं सापडली नाही, म्हणून घडलं त्या क्रमानं लिहितो.

जानेवारीत पहिला प्रश्न आला तो परवाना कुठला घ्यायचा हाच. वनस्पती वापरल्या म्हणजे माल आयुर्वेदिक होतो असं नाही. आयुर्वेदिक उत्पादनाचा परवाना वेगळा : अर्ज फॉर्म २४-डी, परवाना २५-डी, जागेचे नियम शेड्यूल टी चे आणि उत्पादनासाठी किमान १,२०० चौरस फूट. तिथं ग्रंथोक्त आधार लागतो आणि तांत्रिक माणसाची पात्रताही निराळी. सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्यात जागा कमी लागते, पण पाकिटावर रोगाचं नाव घेता येत नाही. आम्ही आधी आमच्या पाकिटाचा कच्चा मजकूर घेऊन एफडीएकडं चौकशीला गेलो. त्यात 'मुरुमं घालवतं' असं होतं. समोरच्या साहेबांनी तेवढ्याच शब्दांवर बोट ठेवलं : "मुरुमं घालवत असंल तर ते औषध झालं. मग आयुर्वेदाच्या परवान्याकडं जावा. इथं फक्त त्वचा स्वच्छ करतं, एवढंच म्हणा." हा सल्ला फुकट मिळाला आणि पुढं सगळ्यात जास्त उपयोगी पडला. कोंडा, केसगळती, वांग, इसब हे शब्द लेबलवर आले की वस्तूची जातच बदलते. शिवाय ग्राहकाची दिशाभूल करणारा कुठलाही दावा सौंदर्यप्रसाधनावर करायला नियमांनी मनाई आहे.

स्वतःची जागा उभारणं हा एकच मार्ग नाही, हेही त्याच वेळी कळलं. परवाना असलेल्या दुसऱ्याच्या कारखान्यात स्वतःच्या नावानं माल बनवायचा असेल तर लोन लायसन्स मिळतं (अर्ज सीओएस-६, परवाना सीओएस-९). किंवा थेट थर्ड पार्टीकडून, म्हणजे परवाना असलेल्या दुसऱ्या उत्पादकाकडून, माल करून घ्यायचा आणि आपण फक्त विकायचा. मग लेबलवर उत्पादक म्हणून त्याचं नाव आणि त्याचाच परवाना क्रमांक येतो. महिन्याला पंचवीस-तीस किलोच्या वर विक्री नसेल तर मी तिसरा मार्ग सुचवीन. गाळ्याचं भाडं वाट बघत नाही.

आम्ही पहिला मार्ग धरला, कारण तेल आम्हाला आमच्या पद्धतीनंच काढायचं होतं. कोरफडीचं जेल यादीत होतं, ते मात्र कागदावरच सोडलं. कारण सांगतो. कोरडी पूड आणि पाणी नसलेलं तेल यांत जंतू वाढत नाहीत. पाणी आलं की सगळं बदलतं. कोरफड, गुलाबपाणी, काकडीचा रस असल्या वस्तूंत संरक्षक (प्रिझर्व्हेटिव्ह) नसेल तर थोड्याच दिवसांत स्यूडोमोनस, स्टॅफिलोकॉकस हे जंतू आणि बुरशी यांची वस्ती होते, आणि दिसायला-वासाला फरक पडलेला असतोच असं नाही. 'ई' जीवनसत्त्व घातलं की टिकतं हा समज चुकीचा. ते तेलाचा खवटपणा लांबवतं, जंतूंना काही करत नाही. संरक्षक म्हणून सोडियम बेंझोएट चालतं, पण ते आम्लधर्मी मिश्रणातच काम करतं, पीएच पाचच्या वर गेला की त्याची ताकद घसरते. फिनॉक्सीइथेनॉल या दुसऱ्या संरक्षकाला १ टक्क्याची मर्यादा आहे. आणि संरक्षक पुरेसं आहे का हे ठरवायला चॅलेंज टेस्ट लागते : मालात मुद्दाम जंतू सोडायचे आणि ते मरतात का हे २८ दिवस मोजायचं. 'नो प्रिझर्व्हेटिव्ह' लिहिलेलं पाण्याचं जेल मी तरी विकत घेणार नाही.

फेब्रुवारीत जागा शोधली. राहत्या घरात, किंवा घरातून दार उघडतं अशा खोलीत उत्पादन चालत नाही. नियमांच्या सातव्या अनुसूचीत ते स्पष्ट आहे. पुडीसाठी १५ चौरस मीटर आणि क्रीम, लोशन, केसांचं तेल या गटासाठी २५ चौरस मीटर ही शिफारस केलेली किमान जागा. ही फक्त उत्पादनाची. कच्चा माल, तयार माल, पॅकिंग, कपडे बदलायची जागा हे सगळं त्यावर. अंगाचा साबण करायचा म्हटलं तर तोच आकडा १०० वर जातो, त्यामुळं हौशी साबणवाल्यांनी गाळा घेण्याआधी हे नक्की वाचावं. आम्ही उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक वसाहतींत फिरलो. उद्यमनगरात गाळे शहराच्या जवळ आहेत, पण शेजारी लेथ आणि फाउंड्रीचं काम असेल तर धातूची धूळ उडते. उटण्याच्या शेजारी ती नको. शेवटी गोकुळ शिरगावला मसाल्याचा जुना गाळा मिळाला.

गाळ्यात केलेली कामं : भिंतींना सहा फुटांपर्यंत टाइल्स (नियमात तेवढ्या उंचीपर्यंत भिंत गुळगुळीत आणि पाण्यानं धुता येईल अशी हवी), जमिनीला कडाप्पा काढून सांधे कमी असलेली फरशी, खिडक्यांना जाळी, पुडीच्या खोलीत धूळ ओढणारा एक्झॉस्ट, तेलाची खोली वेगळी. शौचालयाचं दार उत्पादनाच्या खोलीत उघडत होतं, ते बंद करून बाहेरून काढलं. यंत्रं म्हणजे पल्व्हरायझर, रिबन ब्लेंडर, चाळणी यंत्र, स्टीलचं गरम करायचं भांडं ढवळणीसह, गाळणं, भरणी आणि सीलिंग. सगळं जुनं घेतलं तरी रंगरंगोटीसह साडेपाच लाखांच्या आसपास गेलं. एक सूचना : भाडेकरार अकरा महिन्यांचा करू नका. परवाना जागेला चिकटलेला असतो. गाळा बदलला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आम्ही पाच वर्षांचा नोंदणीकृत करार केला.

तांत्रिक माणूस मिळायला सर्वांत जास्त वेळ गेला. पूर्णवेळ नोकरीतला हवा, डी. फार्म. झालेला किंवा फार्मसी कायद्याखाली नोंदणी असलेला चालतो. ज्याची नोंदणी आधीच एखाद्या मेडिकल दुकानाच्या परवान्यावर आहे तो इथं पूर्णवेळ दाखवता येत नाही. 'सर्टिफिकेट देतो, महिन्याला पाकीट द्या' असे लोक भेटतात. त्यांच्यापासून लांब राहा, कारण बॅच रेकॉर्डवर (प्रत्येक बॅच कशी बनवली याच्या नोंदीवर) रोज सही लागते आणि निरीक्षक आले तर हजर तोच असावा लागतो. शहरात फार्मसी कॉलेजं आहेत. तिथल्या नोटीस बोर्डवर चिठ्ठी लावून नुकती पास झालेली मुलगी मिळाली. तिला मालाचा नाद लागला आणि पुढचं निम्मं काम तिनंच ओढलं.

एप्रिलमध्ये अर्ज भरला. फॉर्म सीओएस-५, ऑनलाइन. सोबत गाळ्याचा आराखडा मापांसह, भाडेकरार, फर्मचे कागद, यंत्रांची यादी, तांत्रिक माणसाची प्रमाणपत्रं, नेमणूकपत्र आणि संमतीपत्र, पाण्याचा तपासणी अहवाल, प्रत्येक वस्तूचं टक्केवारीसह सूत्र, आणि अनुसूचीची पूर्तता केल्याचं हमीपत्र. शुल्क एका गटातल्या दहा वस्तूंपर्यंत १०,००० रुपये, त्यापुढं प्रत्येक वस्तूला ५००. आमचे पुडी आणि तेल असे दोन गट झाले. म्हणजे दोनच वस्तूंना वीस हजार. गटात आणखी वस्तू त्याच पैशात बसतात, म्हणून पुढं करायचा विचार असलेला फेसपॅक आणि शिकेकाई पूडही सूत्रासह तेव्हाच टाकली.

मेमध्ये अर्जावर एफडीएचे शेरे आले. आराखड्यात माणसांची आणि मालाची ये-जा बाणांनी दाखवलेली नव्हती. सूत्रात नुसतं 'कचोरा' होतं, त्याला शास्त्रीय नाव आणि वापरलेला भाग हवा होता. हे नुसतं कागद रंगवणं नाही. बाजारात एकाच नावाखाली दोन-तीन वनस्पती विकल्या जातात. कस्तुरी हळद म्हणून पिवळीधमक पूड मिळते. खरी कस्तुरी हळद आतून फिकट असते, इतकी पिवळी नसते. भारतीय मानक आयएस ४७०७ च्या दुसऱ्या भागात सौंदर्यप्रसाधनात न चालणाऱ्या पदार्थांची यादी आहे, पहिल्या भागात चालणारे रंग. दोन्ही भाग आपल्या सूत्रासमोर ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहा. बचनाग, धोतरा, कुचला, जमालगोटा हीसुद्धा वनस्पतीच आहेत.

या काळात मन खाली-वर होतं. भाडं सुरू, पगार सुरू, विक्री शून्य. ओळखीचे म्हणतात, "अमका तर पाच वर्षं बिनपरवाना विकतोय." त्यावर उत्तर नसतं. फक्त पुण्यातल्या एका मोठ्या दुकानानं आम्हाला परवान्याशिवाय माल ठेवायला नकार दिला होता, तेवढं लक्षात ठेवायचं.

वाट बघायच्या काळात तपासण्या उरकल्या आणि खरं शिकायला मिळालं ते इथंच. परवाना जागेचा, माणसाचा आणि नोंदींचा असतो. माल सुरक्षित आहे की नाही हे ज्याचं त्यानं तपासून दाखवायचं. कच्च्या मालाचा प्रत्येक लॉट आणि तयार मालाची प्रत्येक बॅच तपासून नोंद ठेवणं हे परवानाधारकाचं काम आहे. स्वतःची प्रयोगशाळा नसेल तर बाहेरून करून घेता येतं, पण ती या कायद्याखाली मान्यता असलेली हवी. एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मानांकन देणाऱ्या संस्थेचं) चिन्ह म्हणजे ती मान्यता नव्हे, हे पैसे भरण्याआधी विचारा. एका बॅचच्या जंतू तपासणीला दोन हजारांच्या आत-बाहेर आणि जड धातूंना साधारण तीन हजार आम्हाला पडले.

जड धातूंत मुलतानी मातीनं घाम फोडला. प्रसाधनांच्या मानकांत शिशाची मर्यादा बहुतेक ठिकाणी २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) आणि आर्सेनिकची २ पीपीएम अशी येते. मातीत शिसं निसर्गतःच असतं आणि ते याच आकड्याच्या आसपास खेळतं. म्हणजे भेसळ नसतानाही एखादा लॉट बाद होऊ शकतो. आमच्या सूत्रात माती ३० टक्के होती, ती १५ वर आणली, उरलेलं मसूर डाळीच्या पिठानं भरलं, आणि आता मातीचा प्रत्येक लॉट घ्यायच्या आधी नमुना तपासतो. हळदीचं वेगळं दुखणं : रंग उठावा म्हणून लेड क्रोमेट चोळलेली हळद बाजारात येते. कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरी बाजारातून तयार पूड घ्यायची बंद केली. सांगलीची अख्खी हळकुंडं आणून, धुऊन, वाळवून गाळ्यातच दळतो. पारा मुद्दाम घालायला बंदीच आहे, नकळत आलेला डोळ्यांभोवतीच्या प्रसाधनांत ७० पीपीएमपर्यंत आणि इतरांत १ पीपीएमपर्यंतच चालतो. उटण्यात तो नसतो, पण गोरं करणारी स्वस्त क्रीम्स नेमकी इथंच सापडतात.

जंतूंच्या तपासणीत वाळा, नागरमोथा, अनंतमूळ ही मुळं सगळ्यात वाईट निघाली. मातीतून आलेल्या मुळांत ग्रॅममागं दहा हजारांपासून लाखांपर्यंत जंतू असणं नवलाचं नाही. त्वचेच्या क्रीमचं मानक एक हजाराचं आहे. आम्ही पुडीलाही तेच लक्ष्य धरलं. उपाय सोपे पण वेळखाऊ : मुळं ब्रशनं वाहत्या पाण्यात धुणं, तुकडे करून वाफ देणं, मग ट्रे ड्रायरमध्ये ५० ते ५५ अंशांवर वाळवणं आणि ओलावा ८ टक्क्यांच्या खाली गेल्याशिवाय न दळणं. गुलाबाच्या पाकळ्यांना ४५ अंशांच्या वर नेलं की वास उडतो. मसाल्यांसारखी गॅमा प्रक्रिया (किरणांनी जंतू मारणं) करून घेण्याची सोय वाशीला आहे, पण आमच्याएवढ्या थोड्या मालाला वाहतुकीसकट ते जमण्यासारखं नव्हतं. लिंबाची साल सूत्रातून पूर्ण काढली. तिच्यातले काही घटक त्वचेवर राहून ऊन लागलं तर चट्टे उठतात.

तेलात धोका निराळा. ताजी जास्वंद आणि माक्याचा रस तिळाच्या तेलात कढवला की पाणी पूर्ण जायला हवं, नाहीतर बाटलीच्या तळाशी गढूळ थर बसतो आणि तिथूनच बुरशी सुरू होते. जुनी खूण आजही उपयोगी आहे : कल्काची (तेलात कढवलेल्या वनस्पतींच्या चोथ्याची) वात करून पेटवायची, तडतडली तर पाणी बाकी आहे. त्यानंतर आम्ही आम्लांक आणि पेरॉक्साइड मूल्य काढून घेतो, कारण खवटपणा नाकाला कळण्याआधी आकड्यात दिसतो. बाटली गडद रंगाची, आणि गळ्यापर्यंत भरलेली.

जूनअखेर तपासणी झाली. धसका होता, पण निरीक्षकांनी यंत्रांपेक्षा कागद आणि सवयी पाहिल्या. पिंपांवर 'तपासणी बाकी', 'मंजूर', 'नामंजूर' अशा चिठ्ठ्या आहेत का. वजनकाट्यावर वैधमापनचा (वजनं-मापं तपासणाऱ्या सरकारी विभागाचा) चालू वर्षाचा शिक्का आहे का. कामगारांची वैद्यकीय प्रमाणपत्रं, टोप्या, हात धुवायची जागा, प्रथमोपचार पेटी. बॅच रेकॉर्ड कसं भरणार ते कोऱ्या नमुन्यावर भरून दाखवायला लावलं. पावसाळा असल्यानं पुडीच्या खोलीतली हवा दमट होती. तिथं आर्द्रतामापक आणि डीह्युमिडिफायर बसवायला सांगितलं. ते योग्यच होतं. कोल्हापूरच्या जुलैत उघडं ठेवलेलं उटणं एका रात्रीत गोळे धरतं. दोन किरकोळ पूर्तता करून फोटोसह कळवल्या आणि ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात सीओएस-८, म्हणजे उत्पादनाचा परवाना, हातात आला.

मग लेबल. छपाईला देण्याआधी यावर आठवडा घालवला तरी चालेल. वस्तूचं नाव, उत्पादकाचं नाव आणि कारखान्याचा पूर्ण पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरायची अंतिम तारीख महिना-वर्षासह, निव्वळ वजन. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं. १ टक्क्याच्या आतले शेवटी कुठल्याही क्रमानं चालतात. ३० ग्रॅमपेक्षा कमी घन आणि ६० मिलिलिटरपेक्षा कमी द्रव पॅकला घटकयादीतून सूट आहे. आम्ही तरीही छापतो, कारण चणा, गहू, बदाम यांची ॲलर्जी असणाऱ्याला पॅकचं वजन किती याच्याशी देणंघेणं नसतं. याशिवाय पाकीटबंद वस्तूंच्या नियमांप्रमाणं सर्व करांसह कमाल किंमत, दर ग्रॅमची किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, तक्रारीसाठी फोन आणि ईमेल. ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी जोडीला छापता येतं, पण फक्त मराठीवर भागत नाही.

वैधमापनकडं पॅकर म्हणून नोंदणी ५०० रुपयांत होते, पॅकिंग सुरू केल्यापासून ९० दिवसांच्या आत अर्ज करायचा. लघुउद्योगाची उद्यम नोंदणी फुकट असते. पैसे मागणाऱ्या वेबसाइटी सरकारी नाहीत. ट्रेडमार्क सौंदर्यप्रसाधनांच्या वर्ग ३ मध्ये, व्यक्ती किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन ४,५०० रुपये. हे तिन्ही अर्ज परवान्याची वाट बघतानाच भरून टाका.

वापराच्या सूचनांत दोन ओळी आम्ही आग्रहानं ठेवल्या. 'कोरड्या चमच्यानं घ्या, भिजवलेलं उटणं साठवू नका', कारण ओला हात डब्यात गेला की आमच्या सगळ्या वाळवणीवर पाणी. आणि 'आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून, धुऊन, तीन दिवस पाहा'. ॲलर्जीची पुरळ कधी कधी २४ ते ७२ तासांनी उठते, त्यामुळं पाच मिनिटांत काही झालं नाही म्हणून निर्धास्त होऊ नये.

प्रत्येक बॅचची तीन पाकिटं राखून ठेवतो : एक नेहमीच्या तापमानाला, एक ४० अंशांच्या पेटीत, एक खिडकीत उन्हाला. तक्रार आली तर बॅच क्रमांकावरून आधी ती उघडतो. दिवाळीनंतर एका गिऱ्हाईकानं 'रंग बदलला' म्हणून कळवलं. खिडकीतल्या पाकिटातही हळदीचा रंग उडालेला दिसला, बाकी दोन ठीक होती. तेव्हापासून पारदर्शक पाकीट बंद केलं आणि दुकानदारांना शोकेसच्या काचेशी माल लावू नका असं लेखी कळवलं. परवाना मुदतीनं संपत नाही, पण दर पाच वर्षांनी तो टिकवण्याचं शुल्क भरावं लागतं आणि यादीत नसलेली नवी वस्तू काढायची तर ती आधी परवान्यात चढवून घ्यावी लागते. शिकेकाईची पूड आमच्या यादीत आहेच. तिची पहिली बॅच सध्या तपासणीला गेली आहे.